गर्भ आहे, बाई कुठाय?

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे आणि भांडणाचाही आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचून झाल्यावर "अगं, तुला झालंय तरी काय?" असे फोन यायला नकोत. (मावशी, हे तुला उद्देशून आहे!)

विषय आहे पोटातलं बाळ आणि त्यावर होणारी कला. नुसती चित्रं नव्हेत. ज्याला इन्स्टॉलेशन किंवा मांडणशिल्प म्हणतात, म्हणजे ज्याच्या आत शिरून फिरता येतं, ते. आणि परफॉर्मन्स, म्हणजे ज्यात कलाकार स्वतःचं शरीरच लोकांसमोर ठेवतो, ते. जन्माआधी आपण कसे होतो, काय ऐकत होतो, कशाला चिकटून होतो हा प्रश्न या मंडळींना गेली साठेक वर्षं छळतो आहे. प्रश्न चांगलाच आहे. माझं भांडण आहे ते उत्तराशी. यातल्या बहुतेक कामांमध्ये गर्भ असतो, गर्भाशय असतं, अंधार असतो, धकधक असते. पण ज्या बाईच्या पोटात हे सगळं चाललेलं असतं तीच नसते. तिची खोली झालेली असते. किंवा भिंत, किंवा बोगदा.

गेल्या हिवाळ्यात मुंबईत असंच एक प्रदर्शन पाहिलं. नाव सांगत नाही, कारण नावात काही नाही, असे बोगदे आता बरेच निघतात. भातसानगरहून आसनगाव, तिथून लोकलनं दोन तास, एवढा प्रवास करून गेले होते. लाल कापडाचा बोगदा, आत मऊ गाद्या, कोमट हवा, स्पीकरवर हृदयाचे ठोके. चपला बाहेर काढायच्या, आत जाऊन गुडघे पोटाशी घेऊन पाच मिनिटं पडायचं आणि बाहेर यायचं. माझ्या पुढचा मुलगा बाहेर आला आणि मैत्रिणीला म्हणाला, "काय शांत वाटलं यार!"

शांत? मी दोन बाळंतपणं काढली आहेत. रात्री अडीच वाजता आत बाळाला उचकी लागते आणि आपलं पोट दर दोन सेकंदांनी टुणटुण उडत राहतं, तेव्हा शांत वाटत नाही, गंमत वाटते आणि झोप उडते. छातीत जळजळ, पावलांवर सूज, कुशीवर वळायचं तर आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा असं हप्त्याहप्त्यानं वळायचं. या काळात बाईच्या अंगातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि ते सगळं फिरवायचं काम तिच्या हृदयाला करावं लागतं. वार हा अख्खा नवा अवयव. तो तिच्याच पोटात तयार होतो, जन्माच्या वेळी साधारण अर्धा किलो भरतो आणि मग टाकून दिला जातो. खोली असलं काही करत नाही. खोली नुसती असते.

बरं, बाईचं राहू द्या, फक्त बाळाचा अनुभव घ्यायचा म्हटलं तरी हे बोगदे खोटे आहेत. पोटातल्या बाळाला शेवटच्या काही महिन्यांत ऐकू येतं. आणि काय ऐकू येतं? आईचे ठोके, तिच्या रक्ताची सळसळ, तिच्या आतड्यांची गुडगुड, आणि या सगळ्याच्या वर, इतर कुणाहीपेक्षा स्पष्ट, तिचा आवाज. 1986 मध्ये डीकॅस्पर आणि स्पेन्स या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गरोदर बायकांनी शेवटचे सहा आठवडे रोज एक ठरावीक गोष्ट मोठ्यानं वाचायची. जन्मल्यावर त्या बाळांना चोखायला एक चोखणी दिली, आणि ती चोखायच्या लयीवर कोणती गोष्ट ऐकू येणार ते ठरत होतं. बाळांनी पोटात ऐकलेलीच गोष्ट पसंत केली. 2001 मध्ये मेनेला आणि सहकाऱ्यांनी गाजराच्या रसाचं असंच दाखवलं. आईनं शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस प्यायला असेल, तर बाळाला पुढे गाजराच्या चवीची पेज जास्त आवडते. म्हणजे जन्माआधीचा जो काही अनुभव आहे तो तिच्या बोलण्यातून, तिच्या खाण्यापिण्यातून येतो. मग त्या बोगद्यात एकाही बाईचा आवाज का नव्हता? भाजीवाल्याशी घासाघीस, सासूशी कुरबूर, फोनवर आईशी गप्पा, हे सगळं बाळानं ऐकलेलं असतं. ते काढून टाकलं आणि ठोके तेवढे ठेवले की उरतो तो पंप.

हे एकट्या मुंबईतल्या प्रदर्शनाचं दुखणं नाही. याची सुरुवात बरीच जुनी आहे. 30 एप्रिल 1965 च्या 'लाइफ' मासिकात लेनार्ट नील्सन या स्वीडिश छायाचित्रकाराचे गर्भाचे रंगीत फोटो आले आणि जग वेडं झालं. काळ्या अवकाशात तरंगणारं, अंतराळवीरासारखं बाळ. आजही डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यांत त्याचीच नक्कल असते. त्यातले बहुतेक गर्भ शरीराबाहेर काढलेले होते. म्हणजे 'जन्मापूर्वीचं जीवन' म्हणून जे आपण पाहिलं, त्यात जीवनही बहुतेकदा नव्हतं आणि आई तर नव्हतीच.

पुढे डेमियन हर्स्ट. कतारमध्ये दोहा इथे बायका-मुलांच्या मोठ्या रुग्णालयाबाहेर त्याची 14 प्रचंड ब्रॉन्झ शिल्पं उभी आहेत. 2013 मध्ये उघडली, मग झाकून ठेवली, 2018 मध्ये पुन्हा उघडली. बीज फळण्यापासून जन्मापर्यंतचा प्रवास. उघडी गर्भाशयं, त्यात वाढत जाणारं बाळ. शेवटी 14 मीटर उंचीचं नवजात बाळ, आणि तो मुलगा! चौदा शिल्पांत बाई एकही नाही. बायकांच्या रुग्णालयाच्या दारात!

आणि आपले अनिश कपूर. आपले म्हणजे जन्म मुंबईचा, 1954 चा. त्यांचं 1992 चं एक काम आहे, त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'मी गरोदर असतो तेव्हा'. पांढरी भिंत आणि तिला आलेला पांढरा फुगवटा. समोरून पाहिलं तर जवळजवळ काहीच दिसत नाही, बाजूनं गेलात तर पोट दिसतं. काम सुंदर आहे, यात वाद नाही. या माणसाला पोकळी आणि भरीवपणा जसा कळतो तसा फार थोड्यांना कळतो. 2010 च्या अखेरीला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत त्यांचं प्रदर्शन झालं तेव्हा मुंबईकरांनी रांगा लावून त्यांचं काम पाहिलं. पण त्या नावाकडे बघा. 'मी.' गरोदर कोण? कलाकार आणि भिंत.

आता याच्या उलट दोन उदाहरणं देते, म्हणजे मी सगळ्यांवरच चिडलेली आहे असं वाटायला नको.

पहिलं 1966 चं, स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझेटमधलं. निकी द सँ फाल हिनं जाँ तँगली आणि पेर उलोफ उल्टवेट यांच्याबरोबर एक आडवी पडलेली गरोदर बाई बांधली. सुमारे 28 मीटर लांब, रंगीबेरंगी, गुडघे वर केलेली. लोक तिच्या मांड्यांमधून आत शिरायचे. आत सिनेमा, एका स्तनात दुधाचा बार! चावट आहे, हो, पण ती अख्खी बाई आहे. तिला पाय आहेत, छाती आहे, डोकं आहे. तुम्ही कुणाच्या तरी आत आहात हे विसरायची सोयच नाही. कामाचं नाव 'हॉन'. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ 'ती'. कपूरचं 'मी' आणि निकीचं 'ती', या दोन शब्दांत माझा सगळा मुद्दा येतो.

दुसरं उदाहरण मुंबईचं. 1995 मध्ये एनसीपीएत रुम्माना हुसेन हिनं एक परफॉर्मन्स केला होता. पायांत घुंगरू, तोंड ताणून उघडलेलं पण आवाज नाही, आणि हातात अर्धी कापलेली पपई. एवढंच घेऊन ती चालत राहिली. आपल्याकडे घराघरात गरोदर बाईला पपई बंद असते. कापलेल्या पपईत जे दिसतं ते सांगायला नको, सगळ्यांना दिसतं. बाबरी पाडली गेली, मुंबईत दंगली झाल्या, त्यानंतरची ही गोष्ट. बाईचं शरीर म्हणजे इज्जत, शरीर म्हणजे हल्ल्याची जागा, हे सगळं तिनं एका फळात आणून ठेवलं. रुम्माना 1999 मध्ये गेली. या कामात बोगदा नाही, गाद्या नाहीत. पोट आहे आणि ते कुणाचं आहे तेही स्पष्ट आहे.

आता कुणीतरी म्हणेल, पाश्चात्त्यांचं सोडा, आपल्या संस्कृतीत आईला केवढं स्थान! थांबा. आपणही बाईची खोलीच केलेली आहे. देवळाचा गाभारा म्हणजे गर्भगृह. अंधार, ओलावा, एकच दिवा. जगातलं उत्तम मांडणशिल्प म्हणायला हरकत नाही. आणि जिला खरोखर गर्भाशय आहे तिला किती गाभाऱ्यांत मज्जाव! शेवटी 2016 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की देवळात जायचा हक्क बायकांनाही आहे.

अभिमन्यूची गोष्ट घ्या. पोटातल्या बाळानं चक्रव्यूह ऐकला, पण सुभद्रेला झोप लागली म्हणून बाहेर पडायचं राहिलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला तिच्यावर राग यायचा, काय ही बाई, झोपली काय! स्वतः सातव्या महिन्यात गेल्यावर वाटलं, व्यूहरचनेवरचं व्याख्यान ऐकत बसलेल्या गरोदर बाईनं झोपू नये तर काय करावं? गर्भसंस्काराच्या सीड्या याच गोष्टीचं पुढचं रूप. बाळासाठी हे ऐक, बाळासाठी हा विचार कर, बाळासाठी रागावू नकोस. ती माणूस न राहता टेपरेकॉर्डर होते.

आणि पोटात डोकावण्याचा आपला इतिहास तर फारच काळा आहे. सोनोग्राफीवर मुलगी दिसली की काय झालं ते आपल्याला माहीत आहे. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, 1988 मध्ये. देशाचा कायदा 1994 चा. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या त्या 2011 मध्ये 894 झाल्या. बाई वगळून नुसता गर्भ पाहायचा, ही आपल्याकडे निरागस कलादृष्टी असूच शकत नाही. त्या पडद्यावर अनेकांनी तेच केलं. आईला काय हवंय हे न विचारता आत काय आहे ते पाहिलं.

विचारणं. मला वाटतं सगळं येऊन अडतं ते इथे. आणि गंमत म्हणजे विचारण्याची एक पद्धत आपल्याकडे आहे. डोहाळे हा शब्द घ्या. संस्कृतात दौहृद, दोन हृदयांचं. सुश्रुतानं चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बाईला दौहृदिनी म्हटलंय, दोन हृदयं असलेली. दोन! एक तरंगतं हृदय आणि बाजूला नुसती पोकळी असा हिशोब नाही. आणि तिला जे हवंसं वाटेल ते द्यावं असं सांगितलंय. डोहाळजेवण हा त्याचा प्रयोगच आहे की. झोपाळा सजवायचा, कधी नाव, कधी चांदणं. फुलांचे दागिने. ओटी भरायची. आठवा, ओटी म्हणजे पोटापाशी धरलेला पदरही आणि घराची ओसरीही. मध्यभागी ती बसणार आणि सगळ्या जणी विचारणार, काय खावंसं वाटतंय? हे इन्स्टॉलेशनही आहे आणि परफॉर्मन्सही, आणि त्यात बाई बरोबर मधोमध आहे.

लगेच टाळ्या वाजवू नका. या समारंभात विधवा नसते, मूल नसलेली नसते. वाटीखाली पेढा निघाला तर मुलगा म्हणून जास्त हशा पिकतो. हे मला मान्य नाही आणि आमच्या घरी आम्ही ते मोडलं. पण पाया बरोबर आहे: आधी तिला विचारा.

आमच्या शहापूर-मुरबाड भागात वारली, ठाकर, कातकरी पाडे आहेत. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. मधोमध पालघट देवी, भरून वाहणारी, सृजनाची. तीसुद्धा गरोदर भिंतच म्हणा. पण ती लिहिणार सवाशिणी, आणि गाणी म्हणणार धवलेरी. त्या गायल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे भिंतीच्या पुढे बायका उभ्या आहेत, भिंतीच्या जागी नव्हेत. पुढे सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींमुळे वारली चित्रं कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी ती जगभर नेली. मोठे कलाकार, 2011 ची पद्मश्री, 2018 मध्ये गेले. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण बायकांची ही चित्रकला बाजारात आली तेव्हा नावं बहुतेक पुरुषांची झाली आणि धवलेरी घरीच राहिली, हेही खरं आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जवळचा. बाळ पाण्यात असतं. हे पाणी येतं कुठून? आईच्या शरीरातून, ती पिते त्यातून. मी भातसा धरणाच्या वसाहतीत राहते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची क्षमता साधारण 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर, त्यातलं 7 लाख 17 हजार एकट्या भातसाचं. म्हणजे जवळजवळ निम्मं. त्या प्रदर्शनात प्यायला ठेवलेलं पाणीही बहुधा आमच्याच इथलं! आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि नाही आला तर पोटुशी बाई डोक्यावर हंडा घेऊन उतारानं विहिरीवर जाते आणि चढानं परत येते. शेजारच्या मोखाडा तालुक्यात मर्कटवाडीला ऑगस्ट 2022 मध्ये सातव्या महिन्यातच प्रसूत झालेल्या बाईची जुळी बाळं गेली, आणि रस्ता नव्हता म्हणून तिला झोळीत घालून तीन किलोमीटर न्यावं लागलं. जन्माआधीचा अनुभव म्हणजे हेसुद्धा आहे. हंड्याचा तोल, चढावरचा दम, आईनं न प्यायलेलं पाणी.

"कलेनं काय आता रस्ते बांधायचे का?" हा प्रश्न मला घरातच विचारला गेला. नाही हो. रस्ते बांधकाम खात्यानं बांधावेत, पाणी सरकारनं द्यावं. कलेकडे माझं मागणं फार साधं आहे. तुम्ही गर्भ मांडताय ना, मग तो जिच्यात आहे ती कुठे आहे एवढं दाखवा. समाज तिला भांडं समजतो, डॉक्टरांचा तक्ता तिला वगळतो, वैद्यांची सीडी तिला यंत्र करते. कलाकारानं तरी तेच लाल कापडात गुंडाळून पुन्हा विकू नये. भांडं समजलं की भांड्याला रस्ता लागत नाही, तहान लागत नाही आणि मत तर नसतंच. तिची खोली करणं आणि तिला झोळीतून नेणं यांचं नातं आहे ते असं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी असा बोगदा बांधणार असेल तर एक सूचना. आत स्पीकरवर एका खऱ्या गरोदर बाईचं दिवसभराचं बोलणं लावा, शिव्यांसकट. दारात एक खुर्ची ठेवा, तिथे तिला बसवा, रीतसर मानधन द्या आणि लोकांच्या प्रश्नांना तिला तिच्या बोलीत उत्तरं देऊ द्या. आत जायच्या आधी तिची परवानगी घ्यायची. ती नाही म्हणाली तर परत फिरायचं.

असो. बरंच लांबलं. घरातल्या आत्या, मावश्या, काकू, वहिनी आणि इथे नेमानं येणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हाला एक काम देते. तुमच्या वेळी तुम्हाला कसले डोहाळे लागले होते, आणि ते कुणी विचारले होते का, हे मला दोन ओळींत लिहून कळवा. कुणीच विचारलं नसेल तर तेही लिहा.